शिक्का, काटा आणि छापील किंमत

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात आणि पेडण्याच्या आठवडी बाजारातही लोखंडी वजने अजून दिसतात. ती हातात घेऊन पालथी करून बघणारे गिऱ्हाईक मात्र क्वचित. षटकोनी वजनाला एक भोक ठेवलेले असते, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाने ठोकलेला शिक्का असतो : साल, आणि तिमाही सांगणारे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. शिसे घालण्यात दोन सोयी. वजन झिजले तर शिसे वाढवून भरपाई करता येते, आणि ते मऊ असल्यामुळे शिक्का खोल उमटतो, कुणी त्याच्याशी खेळ केला तर तेही दिसते. साधे वजन दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून घेऊन असा शिक्का मिळवावा लागतो.

व्यापारी मंडळांच्या मेळाव्यांत हल्ली ‘गिऱ्हाइकाशी पारदर्शक व्यवहार’ हा विषय मोठ्या आवडीने घेतात. तिथे तो दुकानदाराचा सद्गुण म्हणून येतो. प्रामाणिक राहा, गिऱ्हाईक टिकेल, असे सांगतात. ते खोटे नाही. पण शिशावरच्या त्या खुणेची वंशावळ लावत मागे गेले की चित्र जरा वेगळे दिसते. व्यापारातला उघडेपणा आपल्याकडे बहुतेक वेळा एखाद्या वस्तूच्या रूपाने आला. कधी शिक्का, कधी माप, कधी वही, छापील किंमत, मीटर. ती वस्तू दुकानात ठेवायला लावणारा बहुधा दुकानाबाहेरचा असे : राजा, गाव, सराफ, नाहीतर ग्राहकांची चळवळ. आणि ती वस्तू आली की लबाडी संपली असे कधी झाले नाही. त्या वस्तूला जे मोजता येत नाही, तिकडे ती सरकली.

कौटिलीय अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. वजने-मापे घडवून घेणे आणि तपासणे हे त्याचे काम. वजने लोखंडाची किंवा मगध-मेकल भागातल्या दगडाची असावीत, नाहीतर अशा पदार्थाची की जो भिजून वाढणार नाही आणि तापून घटणार नाही, एवढा बारकावा त्यात आहे. दर चार महिन्यांनी शिक्का मारून घ्यायचा. बिनशिक्क्याचे वजन सापडल्यास सव्वासत्तावीस पण दंड. मनुस्मृतीने हीच तपासणी राजाला दर सहा महिन्यांनी करायला सांगितली आहे. व्यापाऱ्याच्या नुसत्या शब्दावर विसंबायचे नाही, हे त्या काळीही गृहीत होते. अर्थशास्त्रात नफ्याचीही मर्यादा आहे, देशी मालावर शंभराला पाच आणि परदेशी मालावर दहा. ती मर्यादा पुढे कुठे टिकलेली दिसत नाही. शिक्का टिकला. नफा मोजायचा तर दुकानदाराच्या घरात शिरावे लागते. वजन मोजायला फक्त दुसरे खात्रीचे वजन लागते.

गोव्यात धान्य मात्र तोलण्यापेक्षा मापलेच जास्त जाई. पायली, कुडव आणि वीस कुडवांची खंडी. भात खळ्यावर आले की मापणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. तो मोठ्याने मोजतो, कारण ऐकणारे बरेच असतात : कूळ, भाटकार म्हणजे जमीनमालक, देवस्थानचा माणूस. लिहिता न येणाऱ्यांच्या व्यवहारात तो आवाज हीच पावती होती.

मापाची खरी मेख शिगेत. तोंडापर्यंत भरून वर दाण्यांचा सुळका उभा राहिला की ते शिगेचे माप. काठीने वरचे दाणे ओढून सपाट केले की काठोकाठचे. माप रुंद तोंडाचे असेल तर दोन्हींत चांगलाच फरक पडतो. शिवाय वरून सैल ओतले तर कमी मावते, आणि माप हलवले, बाजूने थापटले की दाणे खाली बसून आणखी ओंजळभर मावते. घेताना थापटून घ्यायचे आणि देताना सैल द्यायचे, ही खोत-सावकारांची जुनी कला. म्हणून भावाइतकेच ‘माप कसे भरायचे’ हेही आधी ठरवून घ्यावे लागे. माप तेच, शिक्काही तोच, तरी भरणाऱ्याचा हात वेगळा. ‘मापात पाप’ म्हणतात ते भांड्यात कमी आणि हातात जास्त असते. नारळांच्या शेकड्यावर दोन-चार जास्त टाकण्याची रीत होती, तो वर्ताळा. वर्ताळ्याला आपण उगाच दिलदारपणा समजतो. खरे तर शंभरात दोन-चार नासके निघणार, हे विकणाऱ्याने आधीच कबूल केलेले असे आणि त्याची भरपाई तिथल्या तिथे केलेली असे. मालाच्या दोषाची इतकी सरळ कबुली आजच्या छापील हमीपत्रात सहसा मिळत नाही.

गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक शेतांची बाबही अशीच उघड. शेते कसायला द्यायची ती पावणीने, म्हणजे सगळ्यांसमोर बोली लावून. देवळांच्या उत्सवांत अजून पावणी होते, तेव्हा कुणी किती बोलला हे गावभर होते. बंद दाराआडचा सौदा त्या पद्धतीत बसत नाही. अर्थात बोली लावायचा हक्क कुणाला, हा प्रश्न वेगळा. गावातल्या बऱ्याच माणसांना त्या अंगणात फक्त बघायला जागा होती.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले. त्यांच्या गोवा शहरात नगरसभेचा ‘अल्मोतासे’ नावाचा अधिकारी बाजारावर नजर ठेवी. वजने, मापे, खाद्यपदार्थांचे दर त्याच्या अखत्यारीत. हे पद पोर्तुगालला अरबांकडून मिळालेले. मुसलमानी राजवटींतला मुहतसिब तो हाच. म्हणजे आदिलशाही जाऊन फिरंगी आले तरी बाजारातल्या माणसाला तपासनीस ओळखीचाच वाटला असणार.

पण नव्या मालकांची खरी अडचण वेगळी होती. प्रत्येक बंदरात वजन निराळे, आणि एकाच बंदरात मिरीचे निराळे, तांदळाचे निराळे. अंतोनियु नुनिश नावाच्या माणसाने १५५४ मध्ये पूर्वेकडच्या बंदरांची वजने, मापे आणि नाणी यांचे एक पुस्तकच तयार केले. गोव्याचाही हिशेब त्यात आहे. ते छापून निघाले थेट १८६८ मध्ये, लिस्बनला. त्या पुस्तकाकडे मी व्यापाऱ्याच्या खिशातला कोश म्हणून बघतो, आणि तो कुणाच्या खिशात होता हे महत्त्वाचे. खंडीचे बंदराबंदरातले फरक ज्याला ठाऊक, तो सौदा जिंकायचा. बाजारात बुट्टी घेऊन आलेल्या बाईला असले पुस्तक कुणी दिले नव्हते.

तिच्या बाजूने उभा राहणारा एकच माणूस होता, सराफ. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ अशी पाच वर्षे गोव्यात होता. रस्त्याच्या नाक्यानाक्यावर बसलेले सराफ आणि खरे-खोटे नाणे झटक्यात ओळखण्याची त्यांची हातोटी याचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. लोक सराफाला दाखवल्याशिवाय नाणे घेत नसत. घेणाऱ्याचा देणाऱ्यावर विश्वास नाही, देणाऱ्याचा घेणाऱ्यावर नाही, आणि दोघांचा तिसऱ्यावर आहे. या तिसऱ्याचे पोट त्याच्या खरेपणावर चालते. एकदा खोटे नाणे खरे म्हणून सांगितले की नाका सोडावा लागेल. ग्राहकाशी उघड वागणे हाच धंदा असलेला माणूस या सगळ्या वंशावळीत मला हा एकच भेटला.

पेडणे आणि डिचोली तेव्हा फिरंग्यांकडे नव्हते. डिचोली १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या हाती गेले. त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. सरहद्दीवरच्या गावांत भाव कसा ठरतो याचा एक कागद मात्र त्याहून शंभर वर्षे जुना आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावाला, पत्र लिहिले. बारदेशचे मीठ स्वस्त पडते, तेव्हा व्यापारी तिकडेच वळतील आणि संगमेश्वरच्या मिठाला उठाव राहणार नाही. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. स्वराज्याच्या मिठागरांचे रक्षण म्हणून हे पत्र नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच. मला त्यात आणखी एक दिसते. मिठाचा बारदेशातला भाव, संगमेश्वरचा भाव आणि मधले भाडे हे तिन्ही राजाला माहीत आहेत, व्यापाऱ्याला माहीत आहेत. मीठ विकत घेणाऱ्याला फक्त शेवटची किंमत कळते. त्यात मीठ किती, भाडे किती आणि जकात किती, हे त्याला कळत नाही.

पुढचा मोठा काळ वाण्याच्या चोपडीचा. शेतकरी पीक येईपर्यंत, आणि नंतरच्या काळात डिचोली तालुक्यातला खाणकामगार पगार होईपर्यंत, दुकानातून उधारीवर माल नेई. मांडणाऱ्याच्या हातातली चोपडी, तीही अनेकदा मोडी वळणाची, गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा, हे दोघांनाही ठाऊक. किती वेगळा, ते एकालाच. यावर निघालेला तोडगा साधा आणि हुशारीचा होता. गिऱ्हाइकाने स्वतःची एक लहान वही ठेवायची. माल घेताना ती दुकानात न्यायची आणि वाण्याने एकच ओळ दोन्हीकडे लिहायची : तारीख, जिन्नस, वजन, पैसे. घरी शाळेत जाणारे पोर असले की रात्री त्याच्याकडून ती वाचून घ्यायची. दोन ठिकाणी लिहिलेली तीच ओळ हा आजच्या बिलाचा सख्खा आजोबा. कुठल्याही सरकारने ती वही सक्तीची केली नव्हती. मुलांच्या शाळेने मात्र दुकानाचा हिशेब सुधारला, हे गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांचे एक न सांगितलेले काम म्हणायला हवे.

मग तीन-चार वर्षांत सगळेच उलटेपालटे झाले. १ जानेवारी १९५९ पासून गोव्यात रुपय्या-टांगा जाऊन एस्कुदो आले, एका रुपय्याला सहा एस्कुदो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला, तोही नुकताच आणे सोडून नव्या पैशांत गेलेला. मापांचेही तसेच. भारताने १९५६ चा वजन-मापांचा कायदा करून १९५८ पासून किलो-लिटर आणायला सुरुवात केली होती. पोर्तुगालने दशमान पद्धतीचा हुकूम १८५२ मध्येच काढला होता, तेव्हा किलो गोव्याला अगदी अनोळखी नव्हता. पण खळ्यावर पायली होती ती होतीच. म्हाताऱ्या माणसाने १९६२ मध्ये नारळ विकले तर डोक्यात टांगा, हातात रुपया, खिशात उरलेला एस्कुदो आणि समोर किलोचे वजन, अशी अवस्था. अशा वेळी बाजार कुणाच्या सचोटीवर चालतो आणि कुणाच्या गोंधळावर, हे सांगायला नको.

सुटा माल जाऊन पाकीट आले तशी शिक्क्याची जागा छपाईने घेतली. १९७७ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनी निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-साल आणि किंमत छापायला लावली. मात्र किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापायची मुभा होती. त्या शब्दांनी दुकानदारांना बरीच वर्षे पोसले. कर किती, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? तो म्हणेल तेवढे. १९९० मध्ये ही पळवाट बंद झाली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, छापणे सक्तीचे झाले. मिठाच्या पुडीवर भाडे, जकात, नफा सगळे मिळून एकच आकडा आला, आणि तोही विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. या देशातल्या गरीब गिऱ्हाइकासाठी कायद्याने केलेल्या उपयोगी गोष्टींत हा आकडा मी फार वर ठेवतो.

तरी त्यात दोन ठिकाणी खोट आहे. एक भाषेची. हा मजकूर हिंदीत देवनागरीतून किंवा इंग्रजीतून असला की कायद्याचे समाधान होते. मराठी, कोकणी ऐच्छिक. पेडण्याच्या आजीला आकडा कळतो, आत काय आहे ते कळत नाही. दुसरी खोट आकड्याचीच. किंमत तीच ठेवायची आणि पाकिटातला माल घटवायचा, ही कंपन्यांची युक्ती पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांत सगळ्यांनी पाहिली आहे. पूर्वी चहा, बिस्किटे, साबण अशा वस्तू ठरावीक वजनांतच भरायच्या असे बंधन होते. ते २०२२ मध्ये काढले आणि त्याबदली एककाचा दर, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडले, तो छापायला सांगितला. तो छापलेला असतो. त्याचे अक्षर बघायला चष्मा लागतो. आणि हॉटेलात तर छापील किमतीचे बंधनच नाही : बाटलीबंद पाण्याला हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त आकारू शकते, कारण तिथे बसण्याची आणि वाढण्याची सेवाही असते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय होतो ते पर्यटकाला बिल आल्यावर कळते.

हे नियम आपोआप आले नाहीत. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. दुकानदाराला वगळून माल एकत्र खरेदी करून वाटून घेणारी कुटुंबे हा त्या चळवळीचा कणा. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यामागे ही माणसे होती. गोव्यात रोलंड मार्टिन्स यांच्या ‘गोवा कॅन’ने हे काम वर्षानुवर्षे चिकाटीने चालवले आहे. गोव्यातल्या ग्राहक चळवळीला गर्दी कधी फार लाभली नाही. एकमेकांना ओळखणाऱ्यांच्या गावात दुकानदाराविरुद्ध अर्ज करणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण, ही आपली खरी अडचण आहे.

आता मासळीकडे येऊ. गोव्यात मासळी वजनावर कमी आणि वाट्यावर जास्त विकली जाते. कोळीण बांगड्यांचा वाटा लावते, तुम्ही कल्ले उचलून बघता, डोळे बघता, घासाघीस करता, ती वर एक टाकते. इथे काटा नाही, शिक्का नाही, बिल नाही. तरी हा व्यवहार पुष्कळसा उघडा होता, कारण माल समोर होता आणि पारख गिऱ्हाइकाची होती. जुलै २०१८ मध्ये हे सगळे एका आठवड्यात कोसळले. मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने परराज्यांतून आलेल्या मासळीची तपासणी केली. जागेवरच्या झटपट चाचणीत फॉर्मेलिनचा अंश दिसल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी, प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासाही आला. लोकांनी खुलासा ऐकला आणि मासळी टाकली. गोंयकाराने नुस्ते टाकणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. सरकारला महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या मासळीवर बंदी घालावी लागली. नुकसान झाले ते वेंगुर्ल्या-मालवणहून प्रामाणिकपणे माल आणणाऱ्यांचे आणि बाजारात बसलेल्या बायकांचेही. कल्ले लाल आहेत का हे पाहण्याच्या पारखीला रसायन दिसत नव्हते, आणि जिला दिसत होते त्या सरकारी प्रयोगशाळेचे बोलणे एका दिवसात बदलले होते. लिन्शोटेनच्या नाक्यावरचा सराफ असा वागला असता तर त्याच्याकडे कुणी नाणे नेले नसते.

आणि इकडे डिचोली तालुक्यातून दुसरा एक माल पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आला आहे, लोहखनिज. १९५० च्या दशकापासून जपानी पोलाद कारखाने गोव्याचे खनिज घेत आले. त्या सौद्यातला उघडेपणा बघण्यासारखा आहे. बोटीत भरताना नमुने घेऊन लोहाचे टक्के तपासायचे, उतरताना पुन्हा तपासायचे. ठरल्यापेक्षा टक्का कमी निघाला तर पैसे कापायचे. आणि खनिजातला ओलावा मोजून वजनातून वजा करायचा, म्हणजे पाण्याचे पैसे द्यायचे नाहीत. मये-शिरगावातली गृहिणी मात्र बाजारात भिजवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीतल्या पाण्याचे पैसे आयुष्यभर देत आली आहे. मोठ्या गिऱ्हाइकाला सगळे दाखवावे लागते, कारण तो उद्या ऑस्ट्रेलियाकडून घेईल. किती खनिज निघाले आणि सरकारला किती कळले, हा हिशेब मात्र इतका स्वच्छ नव्हता. त्यापायी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच खाणी थांबवल्या.

पेडण्यात सध्या ही वंशावळ दोन ठिकाणी येऊन अडली आहे. पहिले टॅक्सी. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि पेडणे तालुका एका रात्रीत गोव्याचे दार झाला. मीटरचा वाद त्याआधीचा. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ हे ॲप आले. एप्रिल २०२१ मध्ये त्याविरुद्ध टॅक्सीवाल्यांनी मोठे आंदोलन केले. डिजिटल मीटर बसवण्याची सक्ती न्यायालयापर्यंत गेली. टॅक्सीवाल्याची बाजू अगदीच फोल नाही. हंगाम चार महिन्यांचा, जाताना भाडे तर येताना रिकामी गाडी, आणि ज्यांच्या जमिनी विमानतळासाठी गेल्या त्यांच्या पोरांना तिथे आधी धंदा मिळावा ही मागणी न्याय्यच. पण हे सगळे भाड्याच्या दरात धरता येते आणि तो दर मीटरवर दाखवता येतो. गाडीत बसण्याआधी भाडे ठरवायला लावणे हे जुने सैल माप आहे, आणि शेवटी ते टॅक्सीवाल्यावरच उलटते. पर्यटक एकदा जास्त देतो आणि घरी जाऊन दहा जणांना सांगतो.

दुसरी जागा जमिनीची. पेडण्यात, आणि आता डिचोलीतही, बाहेरचे लोक घरे-प्लॉट घेत आहेत. घराच्या बाबतीत शीग म्हणजे ‘सुपर बिल्ट-अप’. जिना, लिफ्ट, भिंती, बाग सगळे मिळवून क्षेत्र फुगवायचे आणि चौरस मीटरमागे दर लावायचा. २०१६ च्या रेरा कायद्याने ही शीग काठीने ओढली : विक्री कार्पेट एरियावर, म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची वगळून आत वापरता येणाऱ्या जागेवर. गोव्याचे नियम नोव्हेंबर २०१७ मध्ये आले. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि झाडीत लपलेले चार बंगले नेमके या मापात बसतात. त्यातून कागदांची भाषा आहेच. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, त्याआधीचे मोडीत, नवे करारनामे इंग्रजीत. विकणाऱ्या कुळालाही आपण काय विकले ते नीट वाचता येत नाही. बनावट जुन्या दस्तांवर जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

पडद्यावरची दुकाने तर आणखी तरबेज. खोलीचे भाडे आधी कमी दाखवायचे आणि पैसे भरायच्या पायरीवर शुल्के एकेक करून वाढवायची, या युक्तीसह तेरा फसव्या रचना केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी बंद केल्या. हॉटेलांच्या बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्याला २०२२ मध्येच मनाई झाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती योग्य ठरवली. तुमच्या बिलात ते दिसले तर काढायला सांगा. खुशीने दिलेली बक्षिसी वेगळी, न विचारता कापलेली वेगळी.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक कलम आहे, त्याची पाटी एखाद्या दुकानात लावलेली अजून माझ्या पाहण्यात नाही. बिल न देणे ही स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे हीही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पुरावा मात्र लागतो. तेव्हा पुढच्या खरेदीला, वस्तू लहान असो वा मोठी आणि दुकानदार कितीही ओळखीचा असो, बिल मागून घ्या.